‘आणि हे बघा, झालं!’ : व्हिडिओला श्राव्य वर्णन जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे चाळीसेक शैक्षणिक व्हिडिओ आहेत. काही प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकांचे, काही संगणकाचा पडदा रेकॉर्ड करून केलेले, आणि एक बारा मिनिटांची नाटिका. सगळ्यांना कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, आहेत. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी आणखी काय करावं लागेल, नुसती लिखित प्रत दिली तर भागेल का, आणि आवाज माणसाचा हवा की संगणकाचा चालेल, असं तुम्ही विचारलंय.

कॅप्शन्स केल्यात हे उत्तम, पण ती ऐकू न येणाऱ्यांसाठी आहेत. ज्याला पडदा दिसत नाही त्याला त्यांचा उपयोग नाही. बोललेलं तर तो ऐकतोच आहे. त्याला हवं आहे ते न बोललेलं.

म्हणून आधी एक काम करा. अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रयोगाचा व्हिडिओ लावा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. तुमचं नेमकं काय ऐकू येईल ते मला माहीत नाही, पण असे व्हिडिओ मी पुष्कळ ऐकलेत आणि त्यात साधारण हे असतं: ‘आता मी हे असं धरतो... हळूहळू सोडायचं... इकडे लक्ष ठेवा... अजून नाही... अजून नाही... आणि हे बघा, झालं!’ काय धरलं, कशातून काय सोडलं, लक्ष कुठे ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे झालं काय? अख्खा प्रयोग त्या ‘हे’ आणि ‘असं’ या दोन शब्दांत गेला. पडदा पाहणाऱ्या मुलाला रंगहीन द्रावण गुलाबी झालेलं दिसलं. ऐकणाऱ्या मुलाला फक्त सरांचा आनंद ऐकू आला.

पाठ करून ऐकताना जिथे जिथे ‘म्हणजे काय?’ असं मनात येईल तिथली वेळ टिपून ठेवा. ही तुमच्या कामाची पहिली यादी. मात्र या चाचणीला एक मर्यादा आहे आणि ती मी अनुभवाने शिकले. तुम्ही तो व्हिडिओ आधी पाहिलेला असतो. पाठ केली तरी चित्र डोक्यात चालूच राहतं आणि गाळलेल्या जागा मन आपोआप भरून काढतं. त्यामुळे ज्याने व्हिडिओ बनवला त्याला सगळं ‘समजण्यासारखं’च वाटतं. यादी करायला असा माणूस बसवा ज्याने तो व्हिडिओ कधी पाहिलेला नाही. आणि शेवटची तपासणी दृष्टिबाधित व्यक्तीकडूनच करून घ्या. त्याबद्दल पुढे सांगते.

श्राव्य वर्णन, म्हणजे ज्याला सगळे ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात, ते साधं आहे: पडद्यावरच्या ज्या गोष्टी समजल्याशिवाय पुढचं समजत नाही, त्या संवादांच्या मधल्या जागेत बोलून सांगायच्या. कल्पना नवी नाही. 1970च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी फ्रेझर यांनी तिची मांडणी केली. 1981मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅन्स्टिल यांनी प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना प्रेक्षकांच्या कानात वर्णन पोचवायला सुरुवात केली. मार्गारेट स्वतः दृष्टिबाधित होत्या. 1990मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीने दूरचित्रवाणीवर ही सेवा नियमित सुरू केली. सुरुवात करणाऱ्यांत एक दृष्टिबाधित बाई होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हे काम कुणावर केलेला उपकार म्हणून उभं राहिलेलं नाही.

आता लिखित प्रतीबद्दल. वेबवरच्या सुगम्यतेसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमचे जे निकष जगभर वापरले जातात (डब्ल्यूसीएजी, 2.0 ही आवृत्ती 2008ची, 2.1 2018ची आणि 2.2 2023ची), त्यांत तीन पातळ्या आहेत. सर्वांत खालच्या ‘ए’ पातळीवर पर्याय आहे: श्राव्य वर्णन द्या, किंवा संवादांसोबत दृश्यांचंही वर्णन असलेली संपूर्ण लिखित प्रत द्या. ‘डबल ए’ पातळीवर हा पर्याय संपतो, तिथे आधीपासून रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला श्राव्य वर्णनच लागतं. बहुतेक धोरणांमध्ये आणि कंत्राटांमध्ये ‘डबल ए’च मागितलेली असते. तेव्हा नियमाच्या भाषेत उत्तर: नुसती प्रत पुरेशी नाही.

नियम बाजूला ठेवला तरी माझं मत तेच. वर्गातली बाकीची मुलं व्हिडिओ पाहत असताना एकाने बाजूला बसून त्याचा मजकूर वाचायचा, हे बरोबर बसणं नव्हे. हशा पिकला तर त्यालाही त्याच क्षणी हसता आलं पाहिजे. पण म्हणून प्रत टाकून देऊ नका. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचता येणारी ही प्रत हाच एक मार्ग असतो. शिवाय वर्णनाची संहिता एकदा लिहून झाली की ती कॅप्शन्सच्या मजकुरात जागच्या जागी घातली की प्रत तयार होते. वेगळं काम फारसं पडत नाही.

त्याच निकषांत एक सवलत आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, आणि तुमच्या चाळीसपैकी बहुतांश व्हिडिओंना तीच लागू करता येईल. पडद्यावरची सगळी माहिती मूळ आवाजातच आलेली असेल, तर वेगळं वर्णन जोडण्याची गरजच नाही. म्हणजे शिक्षकाने बोलतानाच सगळं सांगितलं तर काम तिथेच संपलं. अनुमापनाचं तेच प्रात्यक्षिक पुन्हा ऐका:

‘शंकूपात्रात आम्ल आहे, त्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकलेत. द्रावण रंगहीन आहे. वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. डाव्या हाताने तोटी फिरवतोय, उजव्या हाताने पात्र हलवतोय. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि हलवल्यावर विरतो. आता विरायला वेळ लागतोय, म्हणून एकेक थेंब... हा थेंब पडला आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला. हा अंत्यबिंदू. ब्युरेटवरचं वाचन, 18.4 मिलिलिटर.’

हे ऐकून दिसणाऱ्या मुलालाही जास्त कळेल. कुठे पाहायचं ते त्याला कळेल, ब्युरेटवरचे बारीक आकडे मोबाइलच्या पडद्यावर त्यालाही दिसत नव्हते ते कळतील. शिक्षकांना मी एवढंच सांगते: ‘हे, ते, इथे, तिथे, असं, तसं’ हे शब्द तोंडात आले की त्यांच्या मागोमाग नाव घ्या. सवय लागायला चारपाच तास जातात. नंतर ते फळ्यासमोर उभे राहिले तरी तसंच बोलतात.

पडदा रेकॉर्ड करून केलेल्या व्हिडिओंचं दुखणं थोडं निराळं आहे. ‘इथे क्लिक करा, मग इथे, आणि ओके’ हे तर आहेच. पण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा विद्यार्थी सहसा माउस वापरत नाही. त्याला ‘वर उजव्या कोपऱ्यातलं निळं चाकाचं चिन्ह’ सांगून काही उपयोग नाही. त्या बटणाचं नाव सांगा, ते कोणत्या मेन्यूत आहे ते सांगा आणि कीबोर्डचा शॉर्टकट असेल तर तोही सांगा. रंग आणि जागाही सांगा, कारण अल्पदृष्टी असलेल्या मुलाला नेमका तोच धागा उपयोगी पडतो. पण नुसत्या रंगावर आणि जागेवर थांबू नका.

आलेख आला की बरेच जण दोन टोकांना जातात. एक तर ‘आलेखात वाढ दिसते’ एवढंच, नाही तर सगळेच्या सगळे आकडे वाचून दाखवतात. मधला रस्ता असा: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेघ कुठून निघते, कुठे वळते, कुठे पोचते. पूर्ण तक्ता लिखित प्रतीत द्या.

आता राहिले ते व्हिडिओ जे पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत, आणि ती नाटिका. इथे खरं वर्णनलेखन सुरू होतं.

पहिल्यांदा व्हिडिओ पूर्ण पाहा, एकही शब्द न लिहिता. दुसऱ्या वेळी फक्त मोकळ्या जागा टिपा: संवाद कुठे संपला, पुढचा कुठे सुरू झाला, मध्ये किती सेकंद. बारा मिनिटांच्या नाटिकेत अशा पंचवीसतीस जागा निघतील, बहुतेक तीन ते सात सेकंदांच्या. मराठीत मी सेकंदाला दोन शब्द धरते. आपले शब्द विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं पोटात घेऊन लांब झालेले असतात (‘सूचनाफलकापाशी’ हा एकच शब्द म्हणून पाहा), त्यामुळे इंग्रजीसाठी सांगितलेली शब्दगती जशीच्या तशी उचलली की वाचणाऱ्याची दमछाक होते. सहा सेकंदांत बारा शब्द, तेही काठोकाठ. दहा झाले तर सुटसुटीत.

उदाहरण घेऊ. सहा सेकंदांची जागा आहे. पहिला खर्डा असा येतो:

‘आता आपल्याला असं दिसतं की एक तरुण मुलगी, जिने निळा शर्ट घातलेला आहे, ती लांबच लांब व्हरांड्यातून चालत चालत सूचनाफलकापाशी येते आणि खूप घाबरलेली आहे.’

पंचवीस शब्द. म्हणजे दुप्पट. ‘आता’, ‘आपल्याला असं दिसतं की’ हे सरळ काढा. वर्णन चालू आहे म्हणजे दिसतंच आहे. शर्टाचा रंग पुढे कथेत लागणार नसेल तर आत्ता नको. ‘चालत चालत येते’ याऐवजी कशी येते ते सांगणारा एकच शब्द शोधा. आणि ‘घाबरलेली आहे’ हा तुमचा निष्कर्ष झाला. तो कशावरून काढलात? बोट थरथरतंय म्हणून? मग बोट सांगा.

‘नेहा लगबगीने फलकापाशी. थरथरतं बोट यादीवरून खाली सरकतं... थांबतं.’

नऊ शब्द. भीती ऐकणाऱ्याने स्वतः ओळखली, आणि बोट कुठल्या नावापाशी थांबलं हे कुतूहल सगळ्या प्रेक्षकांबरोबर त्यालाही वाटलं.

निष्कर्ष न सांगता दृश्य सांगावं, हा या कामातला सर्वांत जास्त शिकवला जाणारा नियम. मी तो मानते, पण आंधळेपणाने नाही. दीड सेकंदच असेल आणि चेहऱ्यावरचं दुःख स्पष्ट असेल, तर ‘ओठांचे कोपरे खाली वळतात’ म्हणण्यात काही अर्थ नाही. ‘तिचा चेहरा उतरतो’ म्हणा. मराठीने हे वाक्प्रचार तयार ठेवलेत: चेहरा उतरणं, कपाळाला आठ्या पडणं, डोळे पाणावणं, मान खाली घालणं, भुवया उंचावणं. ते दृश्यही सांगतात आणि भावही. आणि क्रियापदं तर भरपूर. पाहण्याचंच घ्या: डोकावणं, न्याहाळणं, रोखून पाहणं, कटाक्ष टाकणं, टक लावणं. चालण्याचं घ्या: रेंगाळणं, लंगडणं, खुरडणं, तरातरा जाणं. नेमकं क्रियापद सापडलं की दोन विशेषणं वाचतात. वर्णन लिहिणाऱ्याने रोज थोडा वेळ क्रियापदांच्या मागे लागावं, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत लिहिताना आणखी तीन अडचणी हमखास येतात. इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये त्यांचं उत्तर मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली, आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘तो टेबलावरचा काचेचा पेला उचलून भिंतीवर फेकतो’ हे वाक्य बोलून होईपर्यंत पेला फुटून गेलेला असतो आणि ऐकणारा दचकून विचारतो, काय फुटलं? म्हणून आवाज होणार असेल तिथे वाक्य आधी सुरू करा आणि तोडा: ‘पेला उचलतो. भिंतीच्या दिशेने...’ आणि थांबा. खळ्ळ हा आवाज तुमचं वाक्य पूर्ण करेल. जे कानाला कळतं ते पुन्हा सांगायचं नाही. दार वाजलं, फोन खणाणला, पाऊस कोसळतोय, हे सांगण्यात शब्द घालवू नका. पण न ओळखता येणारा आवाज मात्र नक्की सांगा. खरखर कसली? कुणीतरी कपाट सरकवतंय की कुत्रा दार ओरबाडतोय? हे न कळलेला माणूस पुढचं एक मिनिट त्याच विचारात अडकतो.

दुसरी, लिंग. ‘अंधारात एक आकृती जवळ येते’ इथे आकृती हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून ‘येते’ चालून जातं, पण पुढच्याच वाक्यात ‘दार ढकलतो’ म्हटलं की तो पुरुष असल्याचं फुटलं. दिग्दर्शकाने ते आणखी अर्धा मिनिट झाकून ठेवलं असेल तर तुम्ही त्याचा खेळ मोडलात. अशा वेळी कर्ता बदला: ‘दार ढकललं जातं. हातमोजा घातलेला हात आत येतो.’ नावाचंही तेच. पात्राचं नाव प्रेक्षकाला कळेपर्यंत ‘निळ्या शर्टातली मुलगी’, कळल्यावर ‘नेहा’. मात्र नाव उशिरा कळण्यात काहीच गंमत नसेल, तर ते आधी सांगून टाकलेलं बरं. दर वेळी ‘निळ्या शर्टातली मुलगी’ म्हणण्यात तीन शब्द जातात.

तिसरी, आदर. वर्णनात शिक्षकांना ‘तो’ म्हणायचं की ‘ते’? वडील ‘येतो’ की ‘येतात’? इंग्रजीत हा प्रश्नच पडत नाही. माझा नियम असा: मुख्य पात्राच्या नजरेतून जो आदर आहे तो ठेवायचा आणि शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा. कथेत पात्राचं खरं रूप उघडं पडलं म्हणून ‘ते’चं ‘तो’ करू नका. तो निवाडा प्रेक्षकाचा. शिवाय ‘ते येतात’ म्हटल्यावर एक जण आला की चार, हा घोटाळा होतो. तिथे नाव घ्या.

माझी एक जुनी चूक सांगते. एका लघुपटात नायिका पत्र उघडते, वाचते, पाच सेकंद शांतता, आणि मग ते पत्र मोठ्याने वाचून दाखवते. मला पडद्यावर पत्राचा मजकूर दिसला, जागा होती, मी त्यातली महत्त्वाची ओळ वर्णनात घातली. तपासणीला बसलेल्या दृष्टिबाधित सहकाऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, ‘ताई, तिला कळायच्या आधी मला कळलं. आता ती वाचते तेव्हा मी नुसता वाट बघतो.’ ती पाच सेकंदांची शांतता त्या सबंध चित्रपटातली सर्वांत भरलेली जागा होती आणि मी ती रिकामी समजले होते. जागा आहे म्हणून भरायची नाही, हे मी त्या दिवशी शिकले. संगीत, श्वास, दूरवरून येणारा आवाज यांनाही त्यांचं काम करू द्या.

तो ‘मी नुसता वाट बघतो’ म्हणाला, हेही ध्यानात घ्या. दृष्टिबाधित लोक ‘मी पिक्चर पाहिला’, ‘बघू या’ असंच बोलतात. ‘बघणं’ हा शब्द टाळण्याची गरज नाही. रंगही टाळू नका. बऱ्याच जणांची दृष्टी नंतर गेलेली असते, त्यांच्या आठवणीत रंग आहेत. जन्मापासून अंध असलेल्यांनाही लाल म्हणजे धोका, पांढराफटक चेहरा म्हणजे भीती हे भाषेतून माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात किमान 220 कोटी लोकांना जवळचं किंवा दूरचं पाहण्यात काही ना काही अडचण आहे. त्यांतल्या बहुतेकांना थोडंफार दिसतं. तुमचं वर्णन ऐकणाऱ्यांत पडदा अंधूक दिसणारेही असणार, आणि तुम्ही ‘डावीकडून येतो’ म्हणालात आणि तो उजवीकडून आला तर त्यांना लगेच कळेल.

पडद्यावरचा मजकूर विसरू नका. शीर्षक, ‘तीन वर्षांनंतर’, बोलणाऱ्याचं नाव आणि पद, शेवटी येणारा ईमेल पत्ता. परभाषेतला संवाद आणि खाली मराठी उपशीर्षकं असतील तर तीही वाचावी लागतात, आणि ती वर्णनापेक्षा वेगळ्या आवाजात वाचली तर बरं.

जागाच नसेल तर? तुमच्या काही व्हिडिओंत शिक्षक अखंड बोलत असणार. तिथे विस्तारित वर्णन करतात: चित्र थांबवायचं, वर्णन पूर्ण होऊ द्यायचं, मग पुढे चालवायचं. निकषांत हे सर्वांत वरच्या ‘ट्रिपल ए’ पातळीवर येतं, पण शिकवण्याच्या व्हिडिओंना ते इतकं शोभतं की मी ते बिनदिक्कत वापरते. नाटिकेला मात्र नको, लय मोडते.

आवाजाचं विचारलंत. नाटिकेसाठी माणसाचाच आवाज घ्या, आणि शक्यतो पात्रांच्या आवाजांपेक्षा वेगळा वाटेल असा. अभिनय नको, पण निर्जीवही नको. दृश्याच्या वजनाने बोलणारा आवाज हवा. शिकवण्याच्या व्हिडिओंना संगणकाचा आवाज चालतो, माझा विरोध नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना त्याची सवय असते. फक्त पारिभाषिक शब्दांचे उच्चार एकेक करून ऐका. ‘च’, ‘ज’, ‘झ’ या अक्षरांचे मराठीत दोन उच्चार होतात, आणि ‘चमचा’तला च ‘चंद्र’मधल्यासारखा वाजला की कान तिथेच अडतो.

रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओ लागत नाही. पडदे, गाद्या, कपडे असलेली शांत खोली आणि बरा मायक्रोफोन पुरतो. मिश्रण करताना वर्णनाखाली मूळ आवाज थोडा दाबायचा, पण पूर्ण बंद करायचा नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो डक’ नावाची सोय आहे. मूळ आवाजाची पट्टी वर, वर्णनाची तिच्या लगेच खाली, मग वरची निवडून तो परिणाम लावला की वर्णन असेल तिथे मूळ आवाज आपोआप 12 डेसिबलने खाली येतो. मग हेडफोन काढून साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. विद्यार्थी तसंच ऐकणार आहेत.

तपासणी. दृष्टिबाधित व्यक्ती शेवटी फक्त ‘छान आहे’ म्हणायला बोलावू नका. संहितेच्या टप्प्यावरच बसवा, रेकॉर्डिंगच्या आधी, कारण नंतर बदल करणं कुणाच्या जिवावर येतं ते मला माहीत आहे. आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. ‘आवडलं का?’ विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी ‘खोलीत किती जण होते?’, ‘किल्ली शेवटी कुणाकडे गेली?’ असं विचारा. उत्तर चुकलं तर चूक तुमच्या वर्णनाची.

पोचवण्याचे मार्ग तीन. सर्वांत सोपा म्हणजे वर्णन मिसळलेली वेगळी व्हिडिओ फाइल, मूळ व्हिडिओच्या शेजारीच, ‘श्राव्य वर्णनासह’ असं नावातच लिहून. दुसरा, एकाच व्हिडिओत दोन ध्वनिमार्ग, पाहणाऱ्याने निवडायचे. हे जास्त नेटकं, पण तुमचा प्लेअर ते दाखवतो का ते आधी तपासा. तिसरा, वर्णन आवाजात न करता वेळा घातलेला मजकूर म्हणून वेबव्हीटीटी फाइलमध्ये द्यायचं आणि ते संगणकाने वाचायचं. एचटीएमएलमध्ये त्यासाठी सोय आहे, पण ब्राउझर स्वतःहून ते वाचत नाहीत, तसा प्लेअर लागतो. वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित होत गेलेला एबल प्लेअर हा मुक्तस्रोत प्लेअर ते करतो, आणि वर्णन चालू असताना व्हिडिओ थांबवण्याची सोयही त्यात आहे. चाळीस व्हिडिओंच्या कामात मजकूर सुधारणं किती सोपं जाईल याचा विचार केलात तर शिकवण्याच्या व्हिडिओंना मी हा तिसरा मार्ग सुचवेन. ज्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत त्यांनी स्मिथ-केटलवेल नेत्र संशोधन संस्थेचा 2013पासूनचा यूडिस्क्राइब हा उपक्रमही पाहावा. तिथे स्वयंसेवक यूट्यूबवरच्या व्हिडिओंना वर्णन जोडतात.

मार्ग कोणताही घ्या, प्लेअरची बटणं कीबोर्डने चालली पाहिजेत आणि स्क्रीन रीडरने त्यांची नावं वाचली पाहिजेत. पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नका. त्या आवाजात स्क्रीन रीडरचा आवाज बुडतो आणि ‘थांबवा’ हे बटण शोधायलाच ऐकू येत नाही. फार सुंदर वर्णन केलेले व्हिडिओ मी ‘बटण, बटण, बटण’ एवढंच वाचणाऱ्या प्लेअरमागे अडकलेले पाहिलेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वर्णन लिहून घ्यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण चाळीस व्हिडिओ म्हटल्यावर मनात आलं असेल. पहिली यादी काढायला घ्या. ती यंत्रं चौकटीतली प्रत्येक वस्तू मोजून दाखवतात, पण त्यांतली कोणती किल्ली पुढे लागणार आहे हे त्यांना कळत नाही, आणि अधूनमधून नसलेली वस्तूही आत्मविश्वासाने सांगतात. माणसाने ओळ न् ओळ चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय ते वर्णन बाहेर जाऊ देऊ नका.

सुरुवात कुठून करायची? या सत्रात मुलांना जे व्हिडिओ लागणार आहेत, त्यांतला एक घ्या. ज्याने कधी पाहिलेला नाही त्याला पडद्याकडे पाठ करून ऐकवा, यादी करा. ज्यात शिक्षक उपलब्ध आहेत आणि दोन तासांत पुन्हा बोलून रेकॉर्ड करता येतं, ते व्हिडिओ आधी संपवा. पडदा-रेकॉर्डिंगचे बहुतेक याच गटात येतील, चित्र तेच ठेवून फक्त आवाज नव्याने द्यायचा. उरलेल्यांना वेबव्हीटीटीतून विस्तारित वर्णन. नाटिका सर्वांत शेवटी घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर बारा मिनिटांना दोनतीन आठवडे सहज लागतील. आणि यापुढे नवा व्हिडिओ करताना संहितेत एक जास्तीचा रकाना आखा: ‘पडद्यावर काय आहे, आणि ते कोण बोलून सांगणार?’ तो रकाना रिकामा असेल त्या दिवशी चित्रीकरण ठेवू नका.